ब्लँकसाठी घरचं पाणी

पाणी कधी खोटं बोलत नाही, असं भूजलाच्या कुठल्याही प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी फार गंभीरपणे सांगितलं जातं. गुणवंत सबनीसांनी हे वाक्य तीस वर्षांच्या नोकरीत निदान चाळीस वेळा ऐकलं होतं आणि पंधराएक वेळा स्वतः म्हटलं होतं. म्हणणाऱ्याच्या समोर टेबलावर बाटलीबंद पाणी असतं, आणि सील फुटलेलं नाही ना, हे तो बोलायला उठण्याआधी बघून घेतो.

सबनीस दिल्लीतल्या एका केंद्रीय कार्यालयात तांत्रिक अधिकारी होते. नोएडातल्या एका पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळते आहे अशी तक्रार आली, तेव्हा कार्यालयाने पंपाभोवती सहा निरीक्षण विहिरी घेतल्या. विहीर म्हणजे काठावर पाय सोडून बसावं अशी नव्हे. चार इंची पाइप, त्यावर लोखंडी टोपण, टोपणाला कुलूप आणि किल्लीसाठी दर वेळी अर्धा तास शोधाशोध. तीन महिन्यांतून एकदा जायचं, पाइपात साचलेलं पाणी उपसून टाकायचं, मग खालून जे ताजं येईल ते छोट्या तपकिरी बाटल्यांत भरायचं आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायचं. पेट्रोल किती आहे, कुठवर पसरलंय, हे कळलं की पंपाला नोटीस, आणि नोटिशीनंतर सफाई. पाणी उपसून, त्यातलं पेट्रोल काढून, पुन्हा जमिनीत सोडायचं, असा तो आराखडा होता. आराखडा रंगीत छापलेला होता.

या बाटल्यांबरोबर एक जास्तीची बाटली जाते. तिला ब्लँक म्हणतात. तिच्यात शुद्ध पाणी भरायचं, घट्ट बंद करायची, पेटीतून साइटवर न्यायची आणि न उघडता परत आणायची. परत आल्यावर तिच्यात पेट्रोल सापडलं, तर ते वाटेत शिरलं. म्हणजे बाकीच्या बाटल्यांतही शिरलं असणार. म्हणजे सगळी खेप बाद. काही न करता नुसती फिरून येणारी आणि तरीही इतरांचं भवितव्य ठरवणारी अशी ही बाटली. कार्यालयात या वर्णनाचे दोन-तीन अधिकारीही होते.

ब्लँकमध्ये प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड वॉटर असावं असा नियम आहे. ते तयार करायचं यंत्र पंपाचं काम सुरू होण्याआधीच बिघडलं होतं. दुरुस्तीची फाइल वर गेली होती, आणि वर गेलेल्या वस्तूने खाली येण्याचा नियम फाइलींना लागू नाही. तेव्हा सबनीसांचे वरिष्ठ त्यागीसाहेब म्हणाले, "गुणवंतजी, घर से भर लाइए. आपका पानी तो बढ़िया है, आप ही कहते रहते हैं."

सबनीस खरंच तसं म्हणत. सहा वर्षांपूर्वी आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी नोएडात निर्मलधारा सोसायटीत स्वतःचा फ्लॅट घेतला, तेव्हा ताबा घेण्याआधी त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाखाली खिशातला टीडीएस मीटर धरला होता. तीनशे दहा. एवढं गोड पाणी नोएडात मिळत नाही. सोसायटीचा स्वतःचा बोअर होता. प्राधिकरणाचे पाइप टाकून झाले होते. त्यांत पाणी तेवढं यायचं होतं. शेजारीपाजारी सगळ्यांनी आरओ बसवले. सबनीसांनी नाही. एक ग्लास पाण्यासाठी तीन ग्लास गटारात सोडणारं यंत्र भूजलवाल्याच्या घरात शोभत नाही, असं त्यांचं मत होतं. बेंगळुरूहून मुलगा, प्रतीक, दर फोनला सांगे, "बाबा, आरओ लगवा लो ना यार." सबनीस त्याला टीडीएस समजावून देत. तो समजून घेई आणि आईला फोन द्यायला सांगे.

तर ब्लँक अलकनंदा भरत असे. अलकनंदा म्हणजे सबनीसांची बायको. आर. के. पुरममध्ये असताना ती शेजारच्या मुलांना मराठी शिकवायची. त्यांतली निम्मी मुलं 'उखळ' म्हणजे काय विचारायची, आणि उरलेली निम्मी विचारायचीसुद्धा नाहीत. नोएडात शिकवायला कुणी उरलं नाही. बाटली कशी भरायची हे सबनीसांनी तिला एकदाच दाखवलं होतं. पाणी काठोकाठ, वर फुगीर कड येईपर्यंत. टोपण सरकवत लावायचं. मग बाटली उलटी करून टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा. बुडबुड्यात पेट्रोलची वाफ जमते आणि हिशोब चुकतो. खात्यातली प्रशिक्षित माणसं तीन-तीनदा भरत. अलकनंदाची पहिल्या झटक्यात व्हायची. मग ती बाटलीच्या चिकटपट्टीवर बॉलपेनने तारीख लिही, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळी आणि जेवणाच्या डब्याशेजारी ठेवी.

"अहो, तुमच्या ऑफिसचं पाणी भरून ठेवलंय. डब्यात वांगं आहे. अदलाबदल करू नका."

पहिल्या खेपेच्या ब्लँकमध्ये पेट्रोलचा अंश निघाला. खेप बाद झाली. पंपाजवळच्या विहिरींचे आकडे भयंकर होते, पण बाद झालेल्या खेपेतला भयंकर आकडाही बादच असतो. दुसऱ्या खेपेला तेच झालं. तिसऱ्या खेपेनंतर त्यागीसाहेबांनी ड्रायव्हरला बोलावलं. नरसिंह हा कार्यालयाचा जुना ड्रायव्हर. जीपमध्ये कधी पेट्रोलचा डबा ठेवतोस का, असं त्याला तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारण्यात आलं.

"साहब, गाड़ी डीज़ल की है," नरसिंह म्हणाला.

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून त्याला लेखी ताकीद देण्यात आली.

पाचव्या खेपेनंतर त्यागीसाहेबांनी आवाज खाली आणला. "गुणवंतजी, बुरा मत मानिए. घर में भरता कौन है? भाभीजी? उनसे कहिए, हाथ-वाथ ठीक से धो लें. क्रीम, नेल पॉलिश, कुछ भी हो सकता है."

सबनीसांनी ते घरी सांगितलं. सांगताना 'साहेब म्हणाले' एवढे दोन शब्द ते विसरले.

"हात धुतेच की हो मी," अलकनंदा म्हणाली.

"अगं, नीट धू. तीन वर्षांचं काम आहे. एका बाटलीपायी वाया चाललंय."

तिने नेलपॉलिश सोडलं. मग हाताला लावायचं क्रीम सोडलं; दिल्लीच्या थंडीत तिच्या बोटांना चिरा पडत. बाटली भरायच्या दिवशी देवापुढे उदबत्ती लावायचीही बंद केली. हात ती तीन वेळा धुवायची, त्याच नळाखाली. सहावी, सातवी, आठवी. दर वेळी निकाल आला की सबनीस जेवताना बोलत नसत आणि ती विचारत नसे. एकदा नुसतं म्हणाली, "माझ्या हातालाच काही असेल तर तुम्ही भरत जा." सबनीस म्हणाले, "मला सकाळी वेळ कुठे असतो?"

अशा दहा खेपा झाल्या.

अकरावी खेप डिसेंबरात होती. अलकनंदाने आदल्या दिवशी बाटली भरली, तारीख लिहिली. पण दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या धुरामुळे जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि हवा वाईट झाल्यामुळे पाणी तपासायला जाता आलं नाही. बाटली फ्रिजमध्ये राहिली. त्याच आठवड्यात लिफ्ट बंद होती, तेव्हा अलकनंदा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसली आणि उठली नाही. ती वर्षभर दमत होती. पन्नाशीत दमायला होतंच, असं सबनीसांचं मत होतं, आणि पाणी जास्त पीत जा असा सल्लाही. ती दिवसाला आठ-आठ ग्लास प्यायची. इस्पितळात कळलं की तिचं शरीर रक्त तयार करायचं थांबलं आहे.

कारण काय, असं सबनीसांनी विचारलं. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, बऱ्याचदा कारण सापडत नाही. कुठे केमिकल्सशी संबंध? रंगाचा कारखाना, ड्रायक्लीनिंग, पेट्रोल?

"नाही हो," सबनीस म्हणाले. "ती घरीच असते."

जानेवारीच्या शेवटी ती गेली. बंदी डिसेंबरातच उठली होती आणि अकरावी खेप सबनीसांशिवाय जाऊन आली होती. त्या खेपेच्या ब्लँकमध्ये काहीही निघालं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच खेप ग्राह्य धरली गेली. त्यागीसाहेब तेराव्याला आले होते, तेव्हा जाताना दारात हलकेच म्हणाले, "चलो, एक चीज़ तो ठीक हुई." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. नोटिशीसाठी सलग दोन ग्राह्य खेपा लागत. बारावीची, मार्चची ब्लँक सबनीसांनी स्वतः भरली. हात धुतले. चार वेळा ओतून पुन्हा भरावी लागली तेव्हा कुठे बुडबुडा गेला. निकाल आला: ब्लँक दूषित.

एप्रिलमधल्या एका रविवारी देवयानी घरी आली. देवयानी प्रयोगशाळेत विश्लेषक. हिंगोलीकडची, दिल्लीला यूपीएससीसाठी आली होती. चार वेळा बसल्यावर, आता जिल्हा नाही तर निदान त्यातलं पाणी तरी बघू, म्हणून दीड वर्षापूर्वी इथे लागली. लक्ष्मीबाई नगरात मावशीच्या क्वार्टरमध्ये राहायची. ऑफिसात सबनीसांना सर म्हणायची, घरी काका. काकूंच्या पिठल्यासाठी मेट्रो बदलून यायची.

"आधी पाणी घे," सबनीसांनी स्टीलचा पेला तिच्यापुढे ठेवला. पाहुण्याला दारातून आत आल्याबरोबर पाणी द्यायचं हे अलकनंदाचं काम होतं. तेवढं एक त्यांनी शिकून घेतलं होतं.

देवयानीने पेला उचलला नाही. बोटाने जरासा बाजूला सरकवला.

"काका, डिसेंबरची ब्लँक मी भरली होती."

"माहीत आहे ना. शाबास. त्यागीसाहेबांना वाटतं तू नुसती पेटी नेलीस, तरी तुझं उदाहरण देतात. म्हणतात, लड़की के हाथ साफ़ हैं."

"मावशीकडच्या नळाची भरली होती. लक्ष्मीबाई नगरची. गाडी तीच होती. नरसिंहच होता. पेटी तीच, मी मागे पेटीशेजारी बसले होते. मी तर नेलपॉलिशपण लावलं होतं, काका."

सबनीस ऐकत होते.

"मार्चची तुम्ही भरलीत. इथली. त्याआधीच्या दहा काकूंनी, त्याही इथल्याच." तिने पिशवीतून कागद काढला. "मी सगळ्या ब्लँकचे आकडे एकाखाली एक लिहिले. वाटेत शिरलं असतं तर कधी जास्त, कधी कमी झालं असतं. हे दर वेळी थोडंथोडं वाढतंय. पहिल्यापासून. पंपाकडून सोसायटीचा बोअर किती लांब आहे?"

"पाचशे मीटर," सबनीस म्हणाले. मग पंधराव्या वेळच्या प्रशिक्षणासारखं, आपोआप, "उताराच्या दिशेने."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. आजवर त्यांना तो कधी ऐकू आला नव्हता.

"टीडीएस तीनशे दहा आहे," ते म्हणाले. टीडीएस मीटरला क्षार कळतात, पेट्रोल कळत नाही, हे ते प्रशिक्षणार्थींना चौदाव्या स्लाइडवर दाखवत. स्लाइडवर मीटरचा फोटो होता आणि त्यावर लाल फुली.

"वास?" त्यांनी विचारलं.

"एवढ्याला येत नाही. प्यायच्या पाण्यात चालतं त्याच्या सहापट आहे. वास यायला आणखी पुष्कळ लागतं."

"मीही तेच प्यायलो की सहा वर्षं."

"तुम्ही दिवसभर ऑफिसात असता, काका."

"हो. ऑफिसात बाटलीबंद असतं."

देवयानीने कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "त्यानेच झालं असं कुणी खात्रीने सांगू शकत नाही. मी वाचलं सगळं. नाही सांगता येत."

"झालं नाही असंही नाही येत."

"नाही."

"तिला मी हात धुवायला लावले," सबनीस म्हणाले. "उदबत्ती बंद करायला लावली."

ते उठले आणि फ्रिजमधून सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आले. डिसेंबरची, न गेलेली. तारीख अलकनंदाच्या अक्षरात होती. आकडा दोन ती नेहमी शेपटी लांब काढून लिही. देवयानीने बाटली उलटी केली, टिचकी मारली. चार महिन्यांनंतरही आत बुडबुडा नव्हता.

"अशी मला आजपण भरता येत नाही," ती म्हणाली.

"यात काय निघेल ते आता मला माहीत आहे. पण तिच्या हाताला काही नव्हतं, हे कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. सरकारी कागदावर. शिक्क्यासकट."

दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरीने पाण्याचा रिपोर्ट मागितला. सबनीसांनी बाद खेपांबद्दल सांगितलं. "मतलब रिपोर्ट नहीं है," सेक्रेटरी म्हणाला, आणि वहिनींबद्दल पुन्हा एकदा दुःख व्यक्त केलं. आठवडाभराने सोसायटीने खाजगीत पाणी तपासून घेतलं आणि लिफ्टमध्ये निकाल चिकटवला. टीडीएस तीनशे दहा. पिण्यास योग्य.

मग सबनीसांनी टिपण लिहिलं. दोन पानी, स्वच्छ. बारा खेपांच्या ब्लँकवर मी 'प्रयोगशाळेतील शुद्ध पाणी' असं लिहून सही केली. ते नळाचं होतं, अकरा वेळा माझ्या घरच्या. ब्लँक भरताना वा नेताना कुणाचीही हयगय झालेली नाही, माझ्या पत्नीची तर नाहीच. घरच्या बोअरलाच पंपाची गळती पोचली आहे. तेव्हा बारा खेपा ग्राह्य धराव्यात, पंपाला नोटीस द्यावी, बोअर बंद करावा, आणि ड्रायव्हर नरसिंह यांची ताकीद मागे घ्यावी. पुरावा म्हणून बाटली जोडली होती.

त्यागीसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं.

"आप क्या लिख रहे हैं, समझ रहे हैं? बारह बार आपने झूठा सर्टिफिकेट दिया."

"जी."

"डेढ़ साल में रिटायरमेंट है आपका."

"जी."

"दिसंबर में तो आप अस्पताल में थे. तब किसने भरा?"

देवयानीची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. "मैंने ही," सबनीस म्हणाले. "अस्पताल के नल से. भरके भिजवा दिया था." एवढ्या वर्षांत पाण्याबद्दल तोंडाने खोटं ते पहिल्यांदाच बोलले, आणि त्यावर मात्र कुणी शंका घेतली नाही.

त्यागीसाहेबांनी चष्मा काढला. "भाभीजी के हाथ का मैंने ही कहा था. मुझे याद है. आप ये फ़ाइल पर मत लाइए, गुणवंतजी. मैं हाथ जोड़ता हूँ. इससे कुछ नहीं निकलेगा."

सबनीसांनी ते फाइलवर आणलं. त्यागीसाहेबांचं म्हणणं बरोबर ठरायला चार महिने लागले.

उत्तर दीड पानी आलं, शिक्क्यासकट. ब्लँकचं पाणी नियमाप्रमाणे नसल्यामुळे बाराही खेपा बाद, डिसेंबरची ग्राह्य धरलेली खेपही. सोबतची बाटली चौदा दिवसांची मुदत उलटून गेल्यावर सादर झाल्याने तपासली गेलेली नाही. नरसिंहची ताकीद कायम, कारण ती मागे घेण्याची तरतूद फक्त त्याच्या स्वतःच्या अर्जावर आहे. सबनीसांना वेगळी ताकीद. शेवटच्या परिच्छेदात अलकनंदाचं नाव होतं. 'श्रीमती अलकनंदा सबनीस या अनधिकृत व्यक्तीने दहा वेळा नमुना हाताळल्याचे निदर्शनास आले आहे.'

सबनीसांनी ते वाक्य प्रतीकला फोनवर वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "बाबा, निदर्शनास म्हणजे?"

"दिसून आलं," सबनीस म्हणाले.

पावसाळ्यानंतर निर्मलधारा सोसायटीचा बोअर बंद झाला. नोंदवलेलं कारण: मोटर जळाली. नवी घेण्यापेक्षा टँकर बरा पडतो. तपासणी पहिल्यापासून सुरू करायचं ठरलं. खेप क्रमांक एक. बाटल्या जुन्याच, धुऊन घेतलेल्या. देवयानी पेटी भरत असताना एका बाटलीवर बॉलपेनचा दोन दिसला, लांब शेपटीचा. धुताना बाकी सगळं गेलं होतं. तिने ती बाटली बाजूला काढली आणि सबनीसांच्या टेबलावर ठेवली. सबनीसांनी ती उलटी करून पाहिली. रिकामी होती. त्यांनी ती पुन्हा पेटीत नेऊन ठेवली, कारण मोजून सात लागतात आणि पेटीत सहाच होत्या.

ब्लँकच्या फॉर्ममध्ये आता 'पाण्याचा स्रोत' असा नवा रकाना आहे. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र दुरुस्त झालेलं नाही, म्हणून पाच लिटरचा कॅन विकत आणायची मंजुरी मिळाली आहे, गाडीच्या बॅटरीत घालतात तो. नरसिंह तो साइटवर जाताना त्याच पंपावरून घेतो. तिथे पावती मिळते.